साबणाचा गुण

मास्तरांच्या पोटरीत रात्री गोळा यायला लागला आणि आठवड्याभरात अख्खी गल्ली वैद्य झाली. ज्यांना स्वतःच्या शर्टाचं माप धड सांगता येत नव्हतं, ते मास्तरांच्या पायाबद्दल छातीठोकपणे बोलू लागले.

गल्लीला कळलं कसं, हा प्रश्नच नव्हता. मास्तर शिंपी, स्वभावाने मवाळ. चाळीस वर्षांत बोटात सुई घुसली तरी त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण पहाटे पोटरी दगडासारखी आवळली आणि पायाची बोटं वाकडी झाली, की ते असे ओरडत की समोरच्या घड्याळजीच्या घरात दिवा लागायचा. बायको धडपडत उठायची, त्यांची टाच हातात धरायची आणि गोळा विरेपर्यंत पंजा मागे रेटत बसायची. मग उजाडेपर्यंत दोघांच्याही डोळ्याला डोळा लागत नसे.

पहिला उपाय घड्याळजीचा. झोपताना दोन केळी. "चौथ्या दिवशी फरक नाही पडला तर माझं नाव बदला," तो म्हणाला. दहा दिवस झाले. पोट साफ व्हायला लागलं, गोळा होता तिथेच होता, आणि घड्याळजीने नावही बदललं नाही. ब्लाउज शिवायला टाकलेल्या शाळेच्या बाईंनी मीठ घातलेलं गरम पाणी सांगितलं. मास्तर रोज रात्री बादलीत पाय बुडवून गंभीर चेहऱ्याने बसू लागले. मेहुणीने तांब्याचं कडं आणून दिलं. त्याने घोटा हिरवा झाला, बाकी काही नाही.

शेवटी शेजारचा इस्त्रीवाला आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली साबणाची वडी होती.

"चादरीखाली ठेवा, बरोबर पोटरीच्या खाली," तो म्हणाला. "आणि हा वासाचाच पाहिजे हं मास्तर. कपड्याचा चालत नाही."

"का रे, कपड्याचा का चालत नाही?"

"ते विचारायचं नसतं."

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. घड्याळजी, बाई, मेहुणी, इस्त्रीवाला, सगळे निघताना म्हणायचे, "पायांना विश्रांती द्या." आणि हेच वाक्य मास्तरांच्या मुलाने नेमकं उचललं.

मुलगा एकुलता एक. पुढच्या खोलीतलं दुकान आता तोच बघायचा. गिऱ्हाईक, मापं, कापणी सगळं त्याच्याकडे, शिलाई तेवढी मास्तरांकडे. बोलायला कमी, पण जीव लावणारा. त्याने एका सकाळी कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "बाबा, महिनाअखेरपर्यंत बघू. नाही थांबलं तर तुम्ही मशीनवर बसायचं नाही. मी एक कारागीर बघून ठेवलाय."

"अरे, गोळा रात्री येतो. दिवसा मला काय धाड भरलीय?"

"दिवसभराचा शीण रात्री बाहेर पडतो. सगळे तेच म्हणतात."

रात्रीचा गोळा परवडला, पण हे बोलणं मास्तरांच्या काळजात रुतलं. मशीनवरून उठवलेल्या शिंप्याचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्याला दुकानाबाहेर स्टूल देतात. येणाऱ्याजाणाऱ्याला 'मुलगा आत आहे' एवढं सांगायचं आणि चहाची वाट बघायची. मास्तरांना त्या स्टुलाची भीती वाटली, अगदी लहान पोराला अंधाराची वाटते तशी. महिना संपायला बावीस दिवस होते.

त्या दिवशी संध्याकाळी साबणाची वडी चादरीखाली गेली. आणि त्याच संध्याकाळी, जेवण व्हायचं होतं म्हणून मास्तर स्वयंपाकघरात जुन्या स्टँडपाशी बसले.

हा स्टँड म्हणजे त्यांच्या पायमशीनचा खालचा लोखंडी सांगाडा. सहा महिन्यांपूर्वी मुलाने दुकानात नवी मोटरची मशीन आणली होती. वडिलांच्या पायांना आराम पडावा म्हणून. जुन्या मशीनचं वरचं डोकं कोणा शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकलं. सांगाडा उचलायला कोणी तयार होईना, म्हणून बायकोने त्यावर फळी ठोकून घेतली आणि भाजी चिरायला ओटा केला. खालचं पायडल तसंच राहिलं.

मास्तर बायकोशी काहीबाही बोलत होते. बोलता बोलता त्यांचे पाय आपणहून पायडलवर गेले. टाच, चवडा, टाच, चवडा. वर मशीन नाही, सुई नाही, कापड नाही. जेवण वाढेपर्यंत त्यांनी निदान एक पायजमा तरी शिवला असेल.

त्या रात्री गोळा आला नाही.

सकाळी इस्त्रीवाल्याने गल्लीभर डंका पिटला. "सांगितलं होतं ना, वासाचाच पाहिजे!" दुपारपर्यंत तीन घरांत साबणाच्या वड्या गादीखाली गेल्या. घड्याळजीला मात्र राहवलं नाही. "केळ्यांचा परिणाम सावकाश होतो," तो म्हणाला.

मास्तरांनाही साबणावर विश्वास ठेवायला आवडलं असतं. पण माप दोनदा घेतल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पुढचे तीन दिवस ते संध्याकाळी पायडलपाशीच बसले आणि रात्री शांत गेल्या. चौथ्या दिवशी मेहुणी मुक्कामाला आली, स्वयंपाकघर बायकांनी भरलं आणि त्यांना पायडलपाशी बसायला मिळालं नाही. साबण जागच्या जागी होता. तरी रात्री गोळा आला, आणि असा आला की मेहुणीने दुसऱ्या दिवशीच घर गाठलं. मास्तरांनी पाय चोळत मनाशी हिशोब मांडला. मोटरची मशीन आली पावसाळ्याच्या आधी. पहिला गोळा आला त्यानंतर पंधरा दिवसांनी. चाळीस वर्षं दिवसाला दहा तास राबलेल्या पोटरीला आता काम उरलं होतं ते मोटरच्या बटणावर अंगठा टेकवण्याचं.

म्हणजे विश्रांतीच पायाला बाधली होती, आणि मुलगा त्याच विश्रांतीचा डोस वाढवायला निघाला होता.

"मग सांगा की त्याला सरळ," बायको म्हणाली.

"काय सांगू? तू हौसेने आणलेल्या मशीनने मला आजारी पाडलं?" मास्तर म्हणाले. "मशीन आली त्या दिवशी कसा उभा होता बघितलंस ना? मी पहिली शिवण मारली तर शाळेतून बक्षीस आणल्यासारखा बघत होता. नाही बाई. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तेव्हा तोंडाला कुलूप लागलं आणि श्रेय साबणाकडे राहिलं. रोज संध्याकाळी मास्तर पेपर वाचायला म्हणून फळीपाशी बसत आणि पेपरामागे पाय चालवत. अडचण एकच. सहा महिने तेल न मिळालेलं पायडल भयंकर कुरकुरायचं. बायको मुद्दाम भांडी आपटत असे. नवऱ्याच्या खोट्यासाठी एवढी भांडी कोणी आपटली नसतील.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना, एका संध्याकाळी भांडी संपली आणि कुरकुर तेवढी राहिली. मास्तरांनी पेपर खाली घेतला तर दारात मुलगा. हातात टेप, डोळे पायडलवर. मास्तरांचे पाय जागीच थिजले.

मुलाने हातातली टेप बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "साबण बरा आहे ना?"

"आहे की," मास्तर म्हणाले. "चांगला आहे."

"हं," म्हणून तो निघून गेला. मास्तरांना जेवण गेलं नाही. पोर दुखावलं, हे एकच डोक्यात घोळत राहिलं. पेटका परत यावा पण हे नको, असंही त्यांच्या मनात आलं, आणि पोटरीचा अनुभव असलेल्या माणसाने असं म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना इस्त्रीवाल्याकडे कपडे पोचवायला पाठवलं गेलं. तिथे त्यांना साबणाचं शास्त्र अर्धा तास ऐकावं लागलं. घरी येऊन ते सवयीने फळीपाशी बसले, पेपर उघडला, भीत भीत चवडा टेकवला.

आवाज आला नाही. पायडल लोण्यासारखं खाली गेलं आणि वर आलं. मास्तरांनी वाकून पाहिलं. प्रत्येक सांध्यावर ताजं तेल होतं, फरशीवर दोन थेंब सांडले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत राहिली.

तेवढ्यात मुलगा आत आला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"त्या कारागिराला नको म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "म्हटलं, आमच्या बाबांना साबणाचा गुण आलाय."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले.

मुलगा मोरीपाशी जाऊन थांबला. काळ्या हातांकडे बघत, वडिलांकडे न बघता त्याने विचारलं, "बाबा, तुमच्या गादीखालचा साबण घेऊ का? हे तेल निघत नाहीये."

"घे," मास्तर म्हणाले आणि पाय चालवत राहिले.