वादक अज्ञात

गायकाची एसटी मलकापूरलाच बंद पडली, म्हणून हे सगळं रामायण घडलं.

चौदा एप्रिलची संध्याकाळ. वडनेर भोलजीच्या पलीकडचं एक खेडं, बौद्धवाड्यातलं स्टेज, समोर पाचशे माणूस आणि माईकवर कोणीच नाही. साथीला गावातलेच तिघं तेवढे बसलेले. इंद्रभान नांदुऱ्याला रेडिओच्या दुकानात कामाला होता. गिटारीला रेडिओच्या वायरी जोडून त्यानं ती लाऊडस्पीकरातून बोलती केली होती. त्याची थोरली बहीण सिंधूताई बुलबुल तरंग वाजवायची. आणि दयाराम, बुडालेल्या बँडपार्टीचा ड्रम अन् जस्ताचा एक पत्रा घेऊन. लोक खवळायला लागले तशी दयारामनं पत्र्यावर काठी हाणली. ताईनं उत्तर दिलं. इंद्रभान मधे घुसला. व्होल्टेज खाली-वर होत होतं, गिटार कधी रडे, कधी भुंके, आणि तिघं तिच्या मागं पळत होते. दीड तास. कोणतं गाणं? कोणतंच नाही. आधी काही ठरलंच नव्हतं.

लोकसंगीत गोळा करत हिंडणारे पुण्याचे एक प्राध्यापक त्या दिवशी टेप घेऊन आले होते. पंधरवड्यात चाळीस गावं. त्यांची मान मशीनमधून वर झाली नाही. इंद्रभाननं तिघांची नावं कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली.

वर्षभरानं रेकॉर्ड निघाली. कव्हरवर डफ घेतलेला म्हातारा. खाली छापलेलं : ‘वऱ्हाडातील गावकामगारांचे पिढीजात वाद्यसंगीत. वादक : अज्ञात.’ त्या संध्याकाळी वाजवणं चालू असताना मधेच म्हातारी तानाबाई ओरडली होती, “अरे गाणं कवा सुरू करता रे मुडद्यांनो?” तिच्याबद्दल लिहिलं होतं : ‘स्त्रियांचा विधीतील पुकारा.’

डफ! छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर इंद्रभानच्या बापानं पहिलं काम केलं ते डफ फोडून चुलीत घालण्याचं. त्याआधी देवाची पालखी असो की साहेबाची स्वारी, पुढं डफ वाजवत चालायला ह्या वाड्यातलीच माणसं. त्याच्या पोरानं विजेवर वाजवलं, तर शिकलेल्यांनी त्याला पुन्हा त्याच डफाला नेऊन बांधलं.

सरपंच हिंमतराव ते कव्हर घेऊनच बौद्धवाड्यात आला.

“काऊन बे इंद्रभान, यात्रेत वाजवा म्हणलं तं आमचं काम नाही म्हणता. हे पाय, मुंबईले छापून आलं. पिढीजात!”

“ते आमचंच हाय पाटील. आमी त्याच दिवशी बनवलं.”

“छापलेलं खोटं अन् तू खरा?”

इंद्रभाननं प्राध्यापकांना तीन पत्रं टाकली. तिसऱ्या पत्राला ते स्वतःच आले. वाड्यात खुर्च्या मांडल्या. एकीवर प्राध्यापक, दुसरीवर न बोलावता हिंमतराव.

“नावांचा कागद गहाळ झाला असेल,” प्राध्यापक म्हणाले. “पण तुम्हीच वाजवलं असेल तर अडचण काय? तेच पुन्हा वाजवा. जुळलं, तर पुढच्या छपाईत तुमची नावं.”

“अन् जुळलं म्हंजे पिढीजात ठरलं न साहेब?” हिंमतराव पुढं सरकला. “जसंच्या तसं दोनदा वाजते, ते बापजाद्याचंच.”

“अगदी शास्त्रीय मुद्दा आहे,” प्राध्यापक खूश झाले.

“मंग शनिवारी पालखीपुढं तुमीच.”

झालं. वाजवलं तर नाव मिळणार आणि पालखीही. नाही वाजवलं तर काहीच नाही.

आणि वाजवता तर येत होतं! असा पुरावा कोणी मागेलच म्हणून महिनाभर दुकानात ती रेकॉर्ड लावून लावून इंद्रभाननं ती बोटांत उतरवली होती, दोघांनाही शिकवली होती. आपणच एकदा केलेलं आपणच घोकलं होतं.

“वाजवू बे,” दयाराम कानाशी लागला. “रेकॉर्डवर नाव येईन. पालखीचं मंग पाहू.”

“मंग काय पाहशीन?” ताई म्हणाली. “तुह्या पोराले डफ घेऊन देशीन? इंद्रभान, तू ठरव. आमी तुह्या मागं.”

इंद्रभाननं कव्हर पाहिलं. ‘अज्ञात’ हा शब्द त्याला रेकॉर्ड निघाल्यापासून दाढेत अडकलेल्या कुसळासारखा टोचत होता.

वाद्यं जोडून झाली तशी दयारामनं पत्र्यावर काठी उगारली, रेकॉर्डची सुरुवात तीच होती. इंद्रभाननं त्याचं मनगट धरलं. मग स्वतःच एक अशी सुरावट छेडली, जी त्या रेकॉर्डवर कुठंच नव्हती. ताई हसली आणि तिच्यामागं धावली. पाऊण तास तिघांनी असं काही वाजवलं की वाड्यातल्या बायका भाकरी थापायच्या थांबल्या. आधीच्यापेक्षा सरस. प्राध्यापकांनी टेप चालूच केली नव्हती. ताडून पाहायला आलेल्या माणसानं ती कशाला चालू करावी?

“हे ते नव्हे,” ते शेवटी म्हणाले. आवाजात सहानुभूती होती. “एकही जागा जुळत नाही.”

हिंमतरावाचं तोंड उतरलं. “मंग खरे वाजवणारे कोण?”

“शोधावे लागतील. असतील एखाद्या गावात.”

“शनिवारच्या आत सापडतीन का साहेब?”

प्राध्यापकांनी वही उघडली. तिघांची पूर्ण नावं विचारली, बापाच्या नावासकट. एकेक अक्षर विचारून घेऊन, वळणदार लिहिली. इंद्रभान उलट्या बाजूनं वाचत होता. एकही चूक नव्हती. नावांखाली त्यांनी रेघ मारली आणि लिहिलं : ‘यांनी वाजवलेले नाही.’

“सही करा,” ते म्हणाले.

इंद्रभाननं केली. ठळक.