अकरा कोपरे

"त्या हिरव्या खोक्याला हात लावू नकोस. ते इथंच राहणार आहे," गुरुनाथ म्हणाला.

"का? तुझा कचरा मी सांभाळू?" देवयानीने विचारलं.

त्याने नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. दुसरं खोकं उचलून खाली गाडीकडे निघून गेला. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. आयर्लंडमधल्या डून लेरीच्या या घरात देवयानीने तावातावाने भांडायचं आणि नवऱ्याने इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणून हातातला रुबिकचा क्यूब फिरवत बसायचं. माणूस उलटून बोलला तर निदान भांडण संपतं. इथे संपायचंच नाही. शेवटी गेल्या महिन्यात, २०२१च्या फेब्रुवारीत, तिनेच वेगळं व्हायचं म्हणून सांगितलं. त्यालाही तो "ग्रँड" म्हणाला आणि खोली शोधू लागला.

स्वयंपाकघरातली आख्खी प्रेस, म्हणजे भांड्यांचं कपाट, त्याच्या खेळण्यांनी अडवली होती. आकडे सरकवायच्या पत्र्याच्या पाट्या, लाकडी ठोकळ्यांच्या चौकटी आणि शंभरेक क्यूब. चेरीवूडच्या ऑफिसातून येताना तो चॅरिटी शॉपमध्ये डोकवायचा आणि काहीतरी जुनं उचलून आणायचा. पुढे कोविडमुळे ऑफिसच घरात आलं आणि क्यूबची टकटक दिवसभर सुरू झाली. देवयानीला कुठलं घरून काम! ती डार्टची लोकल आणि बस बदलत ब्युमॉन्टला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायची, दिवसभर कोविडचे नमुने तपासायची आणि तोंडावर मास्कचे वळ घेऊन परतायची. तर हा साहेब विचारणार, "हात धुतलेस ना? मग हा नवा बघ."

लग्नानंतर त्यानेच तिला एक गंमत दाखवली होती. क्यूबचा एक कोपरा अंगठ्याने दाबून जागच्या जागी पिळला, की वरून काही दिसत नाही, पण मग कितीही फिरवा, तो क्यूब सुटत नाही. सगळं जुळतं, तो एक कोपरा तेवढा वाकडा राहतो.

तिने ते पक्कं लक्षात ठेवलं. मोठं भांडण झालं आणि हा गप्प बसला, की दुसऱ्या दिवशी ती त्याचा एखादा क्यूब घेऊन कोपरा पिळून ठेवायची. एकदा तरी त्याने चिडून यावं, का केलंस म्हणून विचारावं, एवढंच तिला हवं होतं. तो कधीच आला नाही. मुकाट्याने कोपरा सरळ करून मोकळा होत असणार, असं समजून ती आणखी जळायची.

तो खाली होता तोवर तिने हिरवं खोकं उघडलंच.

आत अकरा क्यूब होते. अकराही सोडवलेले, आणि प्रत्येकाचा एक कोपरा वाकडा. प्रत्येकाखाली त्याच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती. 'मे २००६. तिला नोकरी सोडायला लावून इथे आणलं म्हणून.' 'ऑगस्ट २०१३. डॉक्टरकडे एकटी गेली.' सगळ्यांत वरची चिठ्ठी: 'जून २०२०. तिचे बाबा गेले. विमानं बंद. मी मीटिंग संपवूनच बाहेर आलो.'

तो वर आला तेव्हा ती चिठ्ठी तिच्या हातात होती.

"तुला सगळं कळत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझं बरोबर होतं."

"आणि हे सरळ का नाही केलेस? अंगठ्याचं तर काम."

"मी कसे करणार? तुझे आहेत ते."

तिचं डोकंच फिरलं. "अकरा चिठ्ठ्या खरडल्यास, गुरुनाथ. त्यातली एक जरी मला तोंडाने सांगितली असतीस, तर आज हा जिना उतरायची वेळ आली नसती तुझ्यावर. बाबा गेले त्या दिवशी मी इथे खाली फरशीवर बसले होते. तू दार लोटून घेतलंस."

तो शेवटचं खोकं उचलून जिना उतरू लागला.

देवयानीने जूनचा क्यूब हातात घेतला, वाकड्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि दाबून पिळला. टक्क झालं आणि रंग जुळले. आवाज जिन्यात गेला असणार, कारण पावलं थांबली. ती श्वास धरून ऐकत राहिली. आता बोलेल. एक शब्द.

थोड्या वेळाने पावलं पुन्हा उतरू लागली. खाली दार लागलं.

तिने तो कोपरा पुन्हा होता तसा पिळला आणि क्यूब त्याच्या चिठ्ठीवर ठेवून दिला.