आधी पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. पंगतीचा भात शिजवायचं मोठं, खोल भांडं. कारागिराने मला हातोडीने ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा त्याच्या कानांना दडे बसले होते.

मावला गावातल्या वस्तीने मला बुद्धविहारासाठी आणलं. जयंतीच्या जेवणाचा भात माझ्यात शिजे. मला घासायचं काम रुक्माबाईचं. ती दुसऱ्यांच्या शेतात राबायची, पण मला चिंच लावून असं लख्ख करायची की सगळे कौतुक करत.

मग बांगलादेशच्या लढाईचं साल आलं. सीमा ओलांडून आलेली काही कुटुंबं कागजनगरच्या बाजूला एका छावणीत उतरली. सरकारने तंबू आणि तांदूळ दिला. एका धर्मादाय संस्थेने दुधाच्या भुकटीचे डबे पाठवले. मोठं भांडं मात्र नव्हतं, म्हणून संस्थेचे लोक मला मागायला आले.

“न्या,” रुक्माबाई म्हणाली, “पन गंज एकला नाही येनार. मीबी येतो.”

छावणीत आठ दिवसांत लहान मुलांना जुलाब सुरू झाले. दोन तान्ही मुलं दगावली. लोक भुकटीलाच दोष देऊ लागले. रुक्माबाईने पाहिलं, भुकटी नाल्याच्या गढूळ पाण्यात कालवली जात होती. मग पारुल नावाच्या एका आईची मुलगीही मान टाकून पडली.

त्या सकाळी रुक्माबाईने माझ्यात तांदूळ घातलाच नाही. काठोकाठ पाणी भरलं आणि जाळ केला.

छावणीचे कारकून अनंतराव धावत आले. “बाई, हे काय? रांग लागलीय. सरपण भातापुरतंच मिळालंय.”

“पानी उकळून राह्यली, साहेब. लेकराइले हेच पाजा, दूध याच्यातच कालवा. भात त्याच्या मांगून.”

“सरपण संपलं तर वर काय सांगू?”

“तुमाले सांगाचं ते सांगा. मी इथून हलत नाही.”

रांगेतले भुकेले लोक ओरडू लागले. त्यांची बंगाली तिला कळेना, तिची मराठी त्यांना. तिने पारुलच्या मुलीकडे बोट दाखवलं, मग नाल्याकडे, मग माझ्यातून निघणाऱ्या वाफेकडे. पारुलला ते उमगलं. मग मुलीला शेजारणीच्या मांडीवर ठेवून ती रानात गेली आणि काटक्यांचा भारा घेऊन आली. “आगे जोल!” ती रांगेवर ओरडली. आधी पाणी!

मग अनंतरावांनी भुकटीच्या डब्यांची रिकामी लाकडी खोकी फोडली आणि फळ्या माझ्याखाली सरकवल्या. भात त्या दिवशी दुपार टळल्यावर मिळाला.

रुक्माबाई त्या मुलीला चमच्याचमच्याने पाणी पाजत होती, मग पेज. चौथ्या दिवशी पोर मोठ्याने रडली आणि अख्खी छावणी ऐकत राहिली. आणखी एक मूल मात्र गेलं. ते फार खंगलेलं होतं. त्यानंतर कुणी गेलं नाही.

अडीच महिने रोज आधी पाणी, मग भात. माझी कल्हई उडाली, बूड काळंठिक्कर पडलं.

पुढे त्या कुटुंबांना तिथेच जमिनी मिळाल्या आणि छावणी उठली. मला न्यायला लॉरी आली. रुक्माबाईने मला घासलं आणि पारुलच्या झोपडीपुढे नेऊन ठेवलं.

“वस्तीत विचारतील, गंज कुठाय?” अनंतराव म्हणाले.

“सांगीन, कामावर हाय.”

ती एकटीच लॉरीत चढली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मला वाटतं, ती मला घेऊनच गेली असती.

त्या बंगाली गावाची कितीतरी लग्नं मी पार पाडली. आता ॲल्युमिनियमची हलकी पातेली आली आणि मी शाळेच्या कोपऱ्यात पालथा पडून आहे. वाईट वाटतं, पण थोडंच.

मित्रांनो, संकटातल्या माणसांना तुम्ही कधीतरी धान्य द्याल, कपडे द्याल, औषध द्याल. देऊन लगेच घरी जाऊ नका. डबा कोण उघडतं, त्यात पाणी कुठलं पडतं, पोर ते पितं का, हे आपल्या डोळ्यांनी बघा. आणि एखादी बाई चुलीपुढे ठाण मांडून “थांबा” म्हणाली, तर तिच्याशी वाद घालू नका. तिला लाकडं आणून द्या.