मशीन चालू असेपर्यंत

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो घराच्या पुढच्या खोलीतल्या आपल्या दुकानात सोफ्याचं कव्हर शिवत होता. फोन दवाखान्यातून आला. त्यानं मशीन थांबवलं, ऐकून घेतलं, आणि पुढं काय करायचं ते न सुचून पुन्हा मशीन चालू केलं. उरलेली शिवण संपवली. साधा फ्लू म्हणून सुरू झालेलं दुखणं तिच्या छातीत उतरलं आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं.

मग त्यानं सगळ्यांना कळवलं. थोरल्या बहिणीला, सासुरवाडीला, घरमालकाला, ज्याचा सोफा होता त्या गिऱ्हाइकालासुद्धा. सहा वर्षांच्या मुलीला तेवढं सांगितलं नाही. घर माणसांनी भरलं, बायका रडल्या, आणि मुलीनं खाटेच्या कडेला बसून सगळं आपलं आपण ऐकून घेतलं.

मुलीला घरात बटण म्हणायचे. सोफ्याच्या पाठीला लावायची बटणं ती मुठीत घेऊन बसायची, म्हणून आईनंच ते नाव पाडलेलं. आता घर सांभाळायला त्याची थोरली बहीण येऊन राहिली होती. आक्का हातानं चटपटीत, तोंडानं फटकळ आणि कानानं जड. ती बटणजवळ आतल्या खोलीत झोपायची, तो बाहेर दुकानातच, कापडाच्या ताग्यांशेजारी पडायचा. मध्ये एक पडदा.

महिनाभरानं बटणला ताप भरला. नाक वाहू लागलं, अंग मोडून आलं, खोकला लागला. हातातलं काम टाकून तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"फ्लू दिसतोय. आत्ता छाती साफ आहे," बाई म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा. ताप उतरून परत चढला, धाप लागली, खोकला वाढला, तर वाट बघायची नाही. थेट मोठ्या दवाखान्यात."

बटण मांडीवर बसून ऐकत होती. त्यानं त्यातला खोकला तेवढा ध्यानात ठेवला. बायकोचा खोकला अजून त्याच्या कानातून गेला नव्हता.

पण खोकला वाढला नाही. उलट कमी झाला. ताप उतरला आणि खोकला जवळजवळ बंदच झाला.

"बोलू नये, पण पोरगी सुटली," आक्का म्हणाली.

बटणला एकच नाद लागला होता. दुकानात शांतता झाली की पडद्याआडून हाक यायची, "बाबा, मशीन चालव ना."

"अगं, चहा तरी पिऊ दे."

"चालव ना. मला बरं वाटतं."

"लोकांची पोरं अंगाईनं झोपतात, आपली खडखडाटानं," आक्का म्हणायची. "बापाच्या वळणावर गेलीय, दुसरं काय!"

त्याला तेवढंच समाधान. कामही तुंबलं होतं. तो शिवायचा, मध्येच थांबायचा, श्वास रोखून कान द्यायचा. आत काही नाही. मग पुन्हा शिवायचा.

नंतर तिचं अंग परत गरम लागलं. जेवण तसंच ताटात राहिलं.

"आक्का, न्यावं का हिला?"

"खोकला कुठाय तिला? दुधानं तोंड पोळलंय म्हणून तू ताकही फुंकून पितोयस. बघू उद्या."

खोकला कुठाय, हे त्यालाही पटलं. पटायलाच हवं होतं त्याला. त्या दवाखान्याच्या पायऱ्या त्याला परत चढायच्या नव्हत्या.

त्याच दुपारी तो जाड रेक्झिनवर शिवण मारत होता. अचानक दोरा तुटला. त्यानं पायडलवरचा पाय उचलला, मशीन गप्प झालं, आणि पडद्यामागून खोकल्याची अर्धी उबळ बाहेर पडली. पुढची अर्धी कुणीतरी तोंड दाबावं तशी दबली.

मग काही नाही.

त्यानं दोरा ओवला नाही, कापड बाजूला सारलं आणि रिकाम्याच मशीनचं पायडल दाबलं. खडखडाट सुरू झाला. त्याच्याखाली खोकला सुरू झाला. एकामागून एक, दम न घेता, किती वेळचा साठवलेला. त्यानं पाय उचलला. खोकला थांबला.

पडदा ओढून तो आत गेला. बटणनं उशी तोंडावर धरली होती.

"मी नाही... खोकले," ती म्हणाली. एवढ्याशा वाक्यात तिला मध्येच दम घ्यावा लागला.

त्यानं तिचा फ्रॉक वर केला. दर श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुगत होत्या. ओठांचा निळसर रंग बघून तो चरकला.

"आक्का!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "टेंपोवाल्याला बोलाव!"

"मला नाही जायचं," बटण त्याच्या गळ्याला मिठी मारून म्हणाली. "खोकल्यावर... नेतात. मग परत... आणत नाहीत."

त्यानं तिला उचललं.

सोफे पोचवणारा टेंपोवाला समोरच गाडी पुसत होता. "उस्ताद, मागं सोफा आहे. उतरवू?"

"मरू दे सोफा. पळव."

गाडीत त्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. टेंपोवाल्यानं गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बटणताई, माझं इंजिन असं बोंबलतं की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. खोका बिनधास्त."

बटणनं बापाकडे पाहिलं.

"खोक गं, माझी बाय," तो म्हणाला. "खोक."

ती खोकली. त्याच्या शर्टाला तोंड लावून सगळा रस्ता खोकली.

दवाखान्यात नर्सनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि पळत गेली. ऑक्सिजनचा मास्क आला, सुई आली. बटण मास्क ओढून काढत होती. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. आपल्याच लेकराचे हात असे धरावे लागतील, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं.

"निमोनिया आहे," डॉक्टर म्हणाले. "फ्लूच्या मागोमाग आलाय. खोकला किती दिवस आहे?"

"मला ऐकू आला नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं आणि स्टेथोस्कोप परत तिच्या पाठीला लावला.

आक्का दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "माझ्या कुशीत झोपत होती रे. जळले मेले हे कान!"

"माझे चांगले होते आक्का," तो म्हणाला. "तरी काय झालं?"

संध्याकाळपर्यंत छातीचा भाता जरा सावकाश चालू लागला. ओठांवर थोडी लाली आली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ द्या, पण पोरगी लढतेय. बटणनं डोळे उघडले. मास्कमधून आवाज अगदी बारीक आला.

"आई इथंच होती?"

"हो. वरच्या मजल्यावर."

"ती खोकली... म्हणून..."

"नाही गं," तो म्हणाला. नर्स म्हणाली, तिला बोलायला लावू नका. पुढचं सांगायचं टळलं म्हणून त्याला सुटल्यासारखं झालं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. दुकानात रेक्झिनचं कव्हर अर्धं पडलं होतं, सुईत दोरा नव्हता. त्यानं दोरा ओवला आणि कव्हर पुरं केलं. बटण आता मशीन बंद असतानाही खोकते. आई कशानं गेली, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.