मांडणीतली गाडी

मालकीणबाईंनी बोटाच्या पेरांनी गाडीच्या दारावर दोनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला.

"पोकळ वाजतंय."

"दार आहे ते, मॅडम," सेल्समन म्हणाला. "फरशी नाही."

"पोकळ ते पोकळ."

फरशीच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. वाजवून बघितल्याशिवाय त्यांनी जावईसुद्धा पसंत केला नव्हता. समोरची गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. आणि तिच्यात स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांचा धाकटा बसला होता. त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. तिकडे जाऊन तो राहायची खोलीही बघून आला होता, पण अजून काही ठरवलं नाही म्हणत होता. सोमवारी होकार कळवायचा होता. थोरला असाच दोन वर्षांसाठी म्हणून गेला. आता खोकल्याचं औषध विचारायला फोन करण्यापुरता उरला होता. "जाऊ नकोस" म्हणून कुणाच्या हातापाया पडणं बाईंच्या रक्तात नव्हतं. पोराला मिसरूड फुटल्यापासून असल्या गाडीचं वेड. ती दाराशी उभी केली की त्याचा पायही दाराशीच राहील, असा त्यांचा साधा हिशेब होता.

"यात बसायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला. आणि तिसरं माणूस कुठे कोंबायचं, डिकीत?"

"स्पोर्ट्स कार अशीच असते, काकू."

"मघाशी मॅडम होते. गाडीचा भाव उतरेना म्हणून माझा उतरवलास होय रे?"

सेल्समन ओशाळून हसला.

"छान आहे गं, आई," आतून धाकटा म्हणाला.

बाईंनी डोळे वटारले. जे हवं त्याला विकणाऱ्यासमोर नावं ठेवायची, हे त्यांच्या घरात बोलता येण्याआधी कळायचं. हवा तो पंखा कर्कश, हवं ते कपाट डगमगतं. आणि जे घ्यायचं नाही त्याचं तोंडभर कौतुक करून बाहेर पडायचं, म्हणजे विकणाऱ्याचंही मन राहतं. एवढं शिकवलेलं पोर गाडी बघून पाघळलं, असं त्यांना वाटलं.

गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या आणि टायर बघितलं.

"कधीपासून उभी आहे ही इथे?"

"नवीच आहे, काकू."

"नवी असेल, पण उभी राहून टायर बसलंय. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बसून फोटो काढले असतील. मांडणीतला माल आहे हा. आमच्याकडे मांडणीतली फरशी पुऱ्या भावाने कोणी घेत नाही, आणि मी मागतही नाही."

सेल्समन काचेच्या केबिनमध्ये गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने लाखभर सोडले. बाईंनी पर्स काखेत मारली आणि दाराकडे चालू लागल्या. त्याने दीड लाख सोडले. त्या परत आल्या, पण बसल्या नाहीत.

"तीन. आणि विमा तुमचा."

"काकू, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या," सेल्समन म्हणाला.

"पगार परवडायचा नाही तुला."

"सीट किती मऊ आहे," धाकटा म्हणाला. "इंजिनचा आवाजही सुरेख असेल."

"तोंडाला कुलूप घाल," बाई दातांत पुटपुटल्या.

मॅनेजरने सेल्समनकडे बघितलं, कपाळ चोळलं आणि मान डोलावली. तीन. विम्यासकट. बाईंनी पदर सारखा केला आणि लेकाकडे वळल्या.

धाकटा उतरला होता. त्याने दार हळूच लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

"फारच छान गाडी आहे," तो मॅनेजरला म्हणाला. "कुठे म्हणून खोट नाही. रंगसुद्धा किती शोभतो."

आवाज मऊ होता, अदबीचा. त्यांच्या घरातली माणसं दुकानातून रिकाम्या हाताने निघताना असंच बोलत.

पेनासाठी पुढे झालेला बाईंचा हात तिथेच राहिला. मॅनेजरचे ओठ हलत होते, पण शब्द पोचत नव्हते. पायाखालची फरशी उत्तम प्रतीची, पातळीत बसवलेली. तरी ती हलली असं वाटून त्यांनी गाडीचा आरसा धरला.

"आणि ती तिकडची खोली?" त्यांनी लेकाला विचारलं. "कशी आहे?"

धाकट्याने बुटांकडे बघितलं.

"भिकार. खिडकी उघडली की समोर भिंत. नळाला धार नाही. जिना इतका अरुंद, की गादी उभी करून न्यावी लागेल."

"आणि नोकरी?"

"साहेब खडूस आहे. काम डोक्यावरून जाणारं. जेवायलासुद्धा उसंत द्यायचे नाहीत."

तो बोलतच राहिला. कान लाल झाले होते. लहानपणी सायकलीच्या दुकानातसुद्धा त्याने कशाला इतकी नावं ठेवली नव्हती.

"मॅडम, सही?" मॅनेजरने पेन पुढे सरकवलं.

बाईंनी आरसा सोडला. त्यावर उमटलेली बोटं पदराने पुसली.

"गाडी फार सुंदर आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. "अगदी नाव ठेवायला जागा नाही."

बाहेर आल्यावर त्या पायरीवरच बसल्या. शोरूमच्या पायरीवर बसतात का कुणी, असं एरवी त्यांनीच दुसऱ्याला सुनावलं असतं. धाकटा शेजारी टेकला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दोघांनी एकाही गाडीकडे बघितलं नाही.

"भाडं किती सांगतो तो खोलीवाला?"

त्याने आकडा सांगितला.

"त्या अंधारकोठडीचं?"

त्याने चमकून आईकडे बघितलं.

"लाव त्याला फोन," म्हणत बाईंनी फोनसाठी हात पुढे केला.