माप मोठ्याने सांगायची सवय

डॉक्टरीणबाईंनी घरचं कुणीतरी आणायला सांगितलं, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने मला सोबत नेलं. नाहीतर ती छाती मोठी करून घ्यायचं ऑपरेशन करतेय, हे मला टाके पडल्यावरच कळलं असतं. मी गेले ती तिचं डोकं ठिकाणावर आणायलाच. बायकांचे कपडे शिवण्यात माझी बावीस वर्षं गेलीत. बाईच्या अंगाबद्दल मला कोण काय शिकवणार, अशी माझी घमेंड.

खुर्चीत टेकल्या टेकल्या मी सरबत्ती सुरू केली. आत बसवतात ते जन्मभर टिकतं का? डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, नाही, काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. उद्या मूल झालं तर दूध? पुष्कळजणींना पाजता येतं, पण खात्री देता येत नाही. आणि बधिरपणा आला तर? येऊ शकतो, कधीकधी कायमचा. व्रणही राहतात.

"हे सगळं यांनी मागच्या खेपेला विचारलंय," बाई म्हणाल्या. धाकटीने पर्समधून वही काढून माझ्यापुढे धरली. माझे सगळे प्रश्न तिच्या अक्षरात होते, वर मला न सुचलेले सहा-सात. मी वही मिटून तिला परत दिली.

"आता माझा एकच प्रश्न," बाई तिला म्हणाल्या. "हे मनात कधीपासून आहे?"

"सोळाव्या वर्षापासून."

"तेव्हा कुणी काही बोललं होतं?"

धाकटीने खाली बुटांकडे पाहिलं. "नाही. कुणी नाही."

कुणी नाही कसं? मीच बोलले होते. आमच्या दुकानात मी माप घेते आणि आकडे मोठ्याने सांगते. पलीकडे टेबलापाशी कटिंग मास्तर लिहून घेतात. आकड्यासोबत मी एखादी कोपरखळीही मारते, गिऱ्हाइकं खूश होतात. धाकटीच्या सोळाव्या वाढदिवसाचा ड्रेस शिवायचा होता. तिच्या छातीवर टेप धरून मी ओरडले, "मास्तर, इथे आकडा नको, फळी लिहा." दुकानात चार बायका होत्या, चौघी हसल्या. धाकटीही हसली, म्हणून मी ते नाव वर्षभर चालवलं. पोरगी मागे जाऊन रडली, असं मास्तरांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढं काय त्यात?

माझे कान तापले. गप्प बसले असते तरी निभावून गेलं असतं. बारा वर्षांनीही ती मला पाठीशी घालत होती, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"मी बोलले होते," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. दुकानभर घुमणारा माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "निर्णय तुमचाच," त्या धाकटीला म्हणाल्या, "पण तीन महिने जाऊ द्या. ताईंच्या त्या शब्दामुळे करताय की स्वतःला हवंय म्हणून, ते बघा. मग या."

जिन्यात मी तिचा हात धरला. "चुकलं माझं. तोंड दाखवायची लाज वाटतेय."

"वाटू दे," ती म्हणाली. रागावलेली वाटली नाही. दमलेली वाटली.

"तू काहीही ठरव. ऑपरेशन केलंस तर मी येऊन राहते. पट्ट्या बदलायला, अंग पुसायला कुणीतरी लागेलच."

"त्यासाठी मैत्रिणीला विचारलंय."

"सख्खी बहीण असताना?"

ती थांबली. "ताई, तुझ्यासमोर मला कपडे काढता येत नाहीत. त्या दिवसापासून एकदाही काढले नाहीत. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

नव्हतं आलं. ती तयार कपडे घेते, ते शिवायला टाकायचा कंटाळा म्हणून, असंच मी धरून चालले होते. परक्या बायका दिवसाला दहा-बारा येतात आणि माझ्यासमोर निर्धास्त कपडे उतरवतात. मी तिचा हात सोडला आणि तिच्या दोन पायऱ्या मागे राहून खाली उतरले.