डावी बाजू, उजवी बाजू

सीताबर्डीवरच्या टॉकीजचे बोर्ड रंगवणाऱ्या कवडूला कृषी महाविद्यालयातून बोलावणं आलं, तेव्हा त्याला वाटलं, भिंतीवर घोषणा लिहायच्या असतील. पण झाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या इंदुताईंनी त्याच्यापुढे एक ट्रे ठेवला. त्यात संत्र्याची पिवळी पडलेली पानं होती. काटोलच्या बाजारात लावायला त्यांना मोठा तक्ता हवा होता. रोगट पान शेतकऱ्याला ओळखता यावं आणि त्यानं ते झाड वेळीच उपटावं, म्हणून. साल बहात्तरचं; फोटोत तो पिवळा नीट उतरत नव्हता.

"आहे तसंच काढा," त्या म्हणाल्या. "सुंदर करू नका."

नट्यांचे गाल गुलाबी करण्यात हयात गेलेल्या कवडूला हे जडच गेलं. तरी चार दिवस खिडकीशी बसून तो एकेक पान काढत राहिला. पाचव्या दिवशी ब्रश ठेवून इंदुताईंच्या टेबलाशी गेला.

"बाई, हे सारे पानं एकाच रोगाचे नाही दिसून राहिले मले."

"का बरं?"

"ह्या पानांत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्याच पिवळ्या. डावी काढली का उजवी आपोआप येते. पण ह्या दुसऱ्या सहांत डावी पाहून उजवी काढाले गेलो, तं दर खेपेले चुकलो."

"कवडूजी, तुम्ही चित्र काढा. रोग आम्ही पाहतो."

तो खिडकीशी परत आला. पण पानं त्यानं दोन वेगळ्या रांगांतच रंगवली. खोटं काढायला हात वळेना.

तक्ता पाहायला आलेल्या इंदुताईंनी दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी नोंदवही उघडली. दोन्हीकडे सारखी पिवळी असलेली सगळी पानं एकाच बागेतली निघाली, काटोलच्या नत्थूजींच्या. आणि नत्थूजींना त्यांनीच ऐंशी झाडं उपटायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या काटोलला निघाल्या. कवडूलाही सोबत घेतलं. पोचेपर्यंत बारा झाडं आडवी झाली होती.

"थांबवा हे," इंदुताई म्हणाल्या. "आधी जस्त फवारून पाहू."

नत्थूजींनी कुऱ्हाड खाली टेकवली. "तवा म्हनलं उपटा, आता म्हनता थांबा. मी काय समजू बाई?"

"चूक माझी झाली. ती ह्या कवडूजींनी पाहिली."

नत्थूजींनी कवडूकडे पाहिलं, पडलेल्या झाडांकडे पाहिलं, आणि ते बांधावर जाऊन बसले.

दोन महिन्यांनी उरलेल्या अडुसष्ट झाडांना नवी पालवी आली, ती गर्द हिरवी. रोग नव्हताच; जमिनीत जस्त कमी पडलं होतं. जस्ताच्या कमतरतेनं पान दोन्हीकडे सारखं पिवळं पडतं, रोगानं मात्र वेडंवाकडं.

दोन्ही प्रकारची पानं वेगळी दाखवणाऱ्या नव्या तक्त्याच्या तळाशी इंदुताईंनी आपलं नाव लिहायला सांगितलं. "आणि शेजारी तुमचं."

"खाली लिहितो ना बाई, बारीक."

"शेजारी. तेवढ्याच अक्षरांत."

कवडूनं आजवर शेकडो नावं रंगवली होती, स्वतःचं एकदाही नाही. नाव-आडनावाच्या त्या सहा-सात अक्षरांची मापं घेण्यातच त्याची अख्खी दुपार गेली.